नालीकडची रिंग आणि आमची आंतरराष्ट्रीय स्पर्धा

बास्केटबॉलच्या मैदानाची एक रिंग मी दहा फुटांवर बसवून घेतली आणि दुसरी जवळजवळ अकरा फुटांवर. त्या मैदानावर आम्ही ओळीने चार उन्हाळे आंतरराष्ट्रीय क्लब स्पर्धा भरवली.

मुद्दाम नाही केलं. मुद्दाम करायला डोकं लागतं. मी शाळेत भूगोल शिकवायचो. उतार म्हणजे काय, पाणी कुठून कुठे वाहतं, नकाशावर समोच्च रेषा दाटीवाटीने आल्या की काय समजायचं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलं. पोरांच्या पेपरात उताराची दिशा चुकली की मी अर्धा मार्क कापायचो. आणि ज्या फरशीवर मी स्वतः शिट्टी गळ्यात घालून उभा होतो, तिचा उतार मला चार वर्षं दिसला नाही.

स्पर्धा आता बंद पडली आहे. कमिटीचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र जिवंत आहे. त्यावर सकाळी फुलं येतात आणि अधूनमधून कुणाची तरी श्रद्धांजली. मध्यंतरी तिथे कुणीतरी लिहिलं, ‘आपल्या स्पर्धेचा इतिहास सरांनी लिहावा.’ खाली सगळ्यांचे अंगठे. ज्याच्या हातून काम बुडालं त्यालाच त्याचा इतिहास लिहायला बसवायचं, ही पद्धत मोठमोठ्या ठिकाणी चालते. मग बाभुळगावानंच का मागं राहायचं? मी बसलो लिहायला.

आता कोणी विचारेल, बाभुळगावात बास्केटबॉलचं काय काम? काहीच काम नव्हतं. काम होतं ते एका फरशीला. गावाबाहेर एक जिनिंग आहे. कापूस टाकायला तिथे सिमेंटची लांबरुंद फरशी केलेली आहे. दिवाळीनंतर तिच्यावर कापसाचे पांढरे ढीग लागतात, ट्रॅक्टरची रांग लागते, आणि होळी झाली की फरशी मोकळी. मोकळी जागा दिसली की आपल्या माणसाला चैन पडत नाही. कोणी तिथे मिरच्या वाळवायचं, कोणी मळणीयंत्र आणून उभं करायचं, एकाने तर विचारता विचारता पोरीचं लग्न उरकून घेतलं. जिनिंगचे शेठजी वैतागले होते. एका संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, “या जागेचा काही चांगला उपयोग सांगा ना राजेहो.”

चहाला चौघं-पाच जण होतो. बाकीचे शहाणे, ते चहा पीत राहिले. मी म्हणालो, “बास्केटबॉल.”

का म्हणालो, ते आजवर मला कळलेलं नाही. बी.एड.ला होतो त्या कॉलेजात एक कोर्ट होतं आणि मी संघात होतो. संघात होतो म्हणजे बाकावर होतो. बाकावरून खेळ फार चांगला दिसतो, त्यामुळे मला तो येतो अशी माझी समजूत झाली होती.

खांब उभे करायचं काम माझ्या मित्राकडे गेलं. तो मेकॅनिक. ट्रॅक्टर, मोटरपंप, मोटरसायकल, जे बिघडेल ते दुरुस्त करतो, आणि जे बिघडलेलं नसेल तेही उघडून बघतो. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मी त्याचं गणित बघून लिहायचो आणि तो माझं मराठी, त्यामुळे दोघंही दोन्ही विषयांत काठावर पास झालो. स्वतःच्या वेल्डिंगबद्दल त्याचं मत फार चांगलं आहे आणि तो ते कोणालाही न विचारता सांगतो. नट-बोल्टवर त्याचा विश्वास नाही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून भंगारात बोअरचे जाड केसिंग पाइप आणले, फरशीच्या दोन्ही टोकांना खड्डे केले, काँक्रीट ओतलं, आणि मला म्हणाला, “आता बोल. रिंग किती उंच?”

“दहा फूट.”

“दोन्ही?”

“दोन्ही एकदम लेव्हलमध्ये पाहिजेत,” मी म्हणालो. “उन्नीस-बीस चालणार नाही. इंटरनॅशनल नियम आहे.”

हे वाक्य मी नसतं बोललो तर पुढचं काहीच झालं नसतं. साधी टेप घेऊन त्याने दोन्हीकडे खालून दहा-दहा फूट मोजले असते. पण मी लेव्हल म्हणालो, आणि लेव्हल म्हटलं की त्याच्या अंगात येतं. गवंड्याकडून त्याने पाणी भरलेली ती लांब पारदर्शक नळी आणली. गेटकडच्या खांबावर दहा फूट मोजले, खडूची रेघ मारली. नळीचं एक टोक त्या रेघेला धरलं, दुसरं टोक नालीकडच्या खांबावर नेलं. पाणी जिथे थांबलं तिथे रेघ मारली आणि तिथे रिंग ठोकून, म्हणजे वेल्ड करून, मोकळा झाला.

“पाह्य,” तो म्हणाला, “सुताचा फरक नाई. दिल्लीहून इंजिनेर बलाव.”

खरंच फरक नव्हता. दोन्ही रिंगा एका पातळीत होत्या. फक्त फरशी नव्हती. पावसाचं पाणी तुंबू नये म्हणून जिनिंगच्या गवंड्याने गेटपासून नालीपर्यंत सबंध फरशीला उतार काढलेला होता, जसा कोणीही काढतो. तिथे रोज झाडू मारणाऱ्या बाईला तो ठाऊक होता, मिरच्या वाळवणाऱ्यांना ठाऊक होता. पण त्यांना कोणी मीटिंगला बोलावलं नव्हतं. मीटिंगला मी होतो.

स्पर्धा आंतरराष्ट्रीय कशी झाली, तेही सांगून टाकतो. बॅनर करायचं होतं. मी म्हणालो, “राज्यस्तरीय लिहू.” शेठजींनी तोंड वाकडं केलं. “राज्यस्तरीय तर लोक टेनिस बॉल क्रिकेटलेही लिहितात, सर. माझ्या फरशीवर राज्यस्तरीय?” त्यांच्या आवाजात असं काही दुःख होतं की मला राहवलं नाही. मी म्हणालो, “मग आंतरराष्ट्रीय.” सगळे खूश झाले. बॅनर संध्याकाळपर्यंत छापून चौकात लागलं. आता फक्त एखादं दुसरं राष्ट्र शोधायचं राहिलं होतं.

त्यात क्लब हा शब्द. आमच्याकडे क्लब म्हटलं की लोकांना पत्त्यांचा क्लब आठवतो. बॅनर लागल्याच्या दुसऱ्या दिवशी दोन पोलीस फरशी बघून गेले. एकाने रिंगेकडे वर बघत विचारलं, “यात पैसे टाकायचे का?” गावातल्या तीन ओळखीच्या माणसांनी खासगीत चौकशी केली की प्रवेश फी किती आणि टेबल कधी लागणार. खरा खेळ कळल्यावर ते जे गेले ते अंतिम सामन्यालाही आले नाहीत.

राष्ट्र नागपुरात सापडलं. तिथल्या एका कॉलेजात परदेशी विद्यार्थी होते, ते संध्याकाळी बास्केटबॉल खेळायचे. मी फोन केला, जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण आमच्याकडे म्हणालो, ते जेवणावर तयार झाले. त्यांचा कप्तान सुदानचा, सिव्हिल इंजिनिअरिंगला. दोघं नेपाळचे, एक भूतानचा, आणि माणसं कमी पडत होती म्हणून दोन वर्ध्याचे. इतका आंतरराष्ट्रीय संघ आमच्या जिल्ह्यात त्याआधी आला नव्हता.

गाडी येणार म्हणून अर्धं गाव वेशीवर उभं. लोकांनी टीव्हीवर बास्केटबॉल बघितलेला, त्यामुळे दाराच्या चौकटीत वाकून उतरतील अशी माणसं त्यांना हवी होती. कप्तान उतरला तो जेमतेम माझ्या कानापर्यंत. फोटोत मला नेहमी पुढच्या रांगेत उभं करतात, यावरून काय ते समजा. एका म्हाताऱ्याने सगळ्यांना नीट न्याहाळून विचारलं, “यातला विदेशी कोन्ता?” लोकांनी वर्ध्याच्या एकाकडे बोट दाखवलं, कारण त्याने गॉगल घातला होता.

उद्घाटन म्हणजे तर बघायलाच नको. शाल, श्रीफळ, दुपट्टे. सत्कार करणारे, सत्कार घेणारे, आणि सत्कार करणाऱ्यांचा सत्कार करणारे. भाषणं इतकी लांबली की खेळाडूंचं वॉर्मअप होऊन, घाम वाळून, ते पुन्हा थंड झाले. एका पुढाऱ्याने बास्केटबॉलमुळे कापसाला चांगले दिवस येतील असं सांगितलं. कसे, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. संध्याकाळी रोडगे आणि वांग्याची भाजी. भूतानच्या पोराने तर्री तोंडाला लावली आणि शांतपणे म्हणाला की त्याच्या घरी याहून तिखट असते. गावाला तो पराभव फार लागला.

आता मूळ मुद्दा. पहिल्याच वर्षी सगळ्यांच्या लक्षात आलं की नालीकडच्या रिंगेत चेंडू जात नाही. गेटकडे दणादण पडायचे, नालीकडे रिंगेखालूनच निघून जायचे. अर्ध्या खेळानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे दोघंही आळीपाळीने उपाशी राहायचे आणि निकाल कसाबसा लागायचा. पण कारण काय? कारणं पुष्कळ निघाली. शेठजी म्हणाले, रिंग दक्षिणेला आहे, तिथे यम बसतो. त्यांनी लिंबू-मिरची बांधली. माझा मित्र म्हणाला, नजर लागली, आणि दर्ग्यातून आणलेला काळा धागा खांबाला गुंडाळला. उमरखेडच्या क्लबचं मत होतं की नालीचा वास आला की नेम ढळतो. मी कमिटीचा जाणता माणूस, शिवाय माइक माझ्याकडे. मी लोकांना समजावून सांगितलं की फरशी तापली की हवा वर चढते, नालीकडे थंड हवा खाली बसते, त्यामुळे तिकडे चेंडू जड पडतो. भूगोलाचा माणूस सांगतोय म्हटल्यावर लोकांनी माना डोलावल्या. शाळेत इतक्या माना कधी डोलल्या नव्हत्या.

त्या नालीकडच्या रिंगेखाली वर्षभर कोणी उभं असेल तर माझ्या मित्राची मुलगी. स्पर्धा उन्हाळ्यात आठवडाभराची, पण खांब कायमचे होते, आणि शेठजींनी पोरांना खेळायला मुभा दिली होती. गेटकडची रिंग मुलांनी बळकावली. नालीकडची कोणाला नको होती, ती हिला मिळाली. सीझनमध्ये कापसाचे ढीग गेटकडून लागायचे, तेव्हाही नालीकडचा कोपरा मोकळा असायचा. शाळा सुटली की ही दप्तर भिंतीला टेकवून चेंडू टाकत बसायची. पहिल्या वर्षी एकही जात नव्हता. दुसऱ्या वर्षी अधूनमधून जायला लागला. तिसऱ्या वर्षी तिने उभं राहून टाकायचा आणि त्याने जायचं असं झालं. चेंडू असा काही वर चढायचा की खाली येईपर्यंत माणसाचा एक घास खाऊन व्हायचा.

मी तिचा कोच. म्हणजे मी तसं सांगत असे.

एकच भानगड होती. यवतमाळला शालेय सामन्यांना नेलं की पोरगी ठार फेल. सगळे चेंडू रिंगेवरून पलीकडे. मी तिला टेन्शन येतं असं निदान केलं. डोळे मिटून श्वास मोजायला लावला, रात्री भिजवलेले बदाम सकाळी खायला लावले, सामन्याआधी कोणाशी बोलायचं नाही असा नियम केला. तिची आई बदाम भिजवून भिजवून कंटाळली. मुलगी बिचारी सांगायची, “सर, मले टेन्शन नाई येत. चेंडूच जास्त जाते.” मी म्हणायचो, “तेच तर टेन्शन.”

चौथ्या वर्षी ती दहावी झाली. स्पर्धा संपल्यावर आठवड्याने अमरावतीला विभागाच्या संघाची निवड चाचणी होती. निवड झाली असती तर तिला पुढे क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती, शिक्षण आणि खेळ दोन्ही तिथेच. नाही झाली तर खेळ संपला. वयोगट संपत होता, आणि आमच्या तालुक्यात त्यापुढच्या मुलींसाठी संघच नव्हता. घरात कोणाचा विरोध नव्हता, उलट मित्राने गॅरेजच्या भिंतीवर चाचणीची तारीख खडूने लिहून ठेवली होती आणि गिऱ्हाइकांना तोच विषय. पोरगी फक्त फरशीवर सकाळीही यायला लागली.

आणि त्याच स्पर्धेत सुदानचा कप्तान परत आला. तोवर तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचला होता आणि नागपुरी हिंदी अशी बोलायचा की डोळे मिटले तर सीताबर्डीत उभे आहोत असं वाटावं. अंतिम सामना आमचा क्लब विरुद्ध उमरखेड. त्याचा संघ आधीच हरलेला, त्यामुळे तो रिकामा होता. रिकामा इंजिनिअर फार वाईट. सामना सुरू व्हायच्या आधी तो गेटकडच्या रिंगेखाली गेला, उडी मारली, जाळीला बोट लावलं. मग चालत नालीकडे गेला, उडी मारली. बोट लागलं नाही. पुन्हा मारली. नाही लागलं. मग माझ्याकडे आला, हातातली पाण्याची बाटली फरशीवर तिरकी केली, आणि आम्ही दोघं बघत राहिलो. पाणी क्षणभर विचार करत थांबलं आणि सरळ नालीच्या दिशेने चालू लागलं.

“सर,” तो म्हणाला, “ये तो स्लोप है ना रे.”

“उन्हामुळे तसं वाटतं,” मी म्हणालो.

माइक चालू होता. हे संभाषण पूर्ण मैदानाने ऐकलं, बाहेरच्या पानठेल्याने ऐकलं, आणि वारा त्या दिशेचा असल्यामुळे बसस्टँडनेही ऐकलं असावं.

मित्र टेप घेऊन आला. गेटकडची रिंग मोजली. “दहा,” तो मोठ्याने म्हणाला, आणि लोकांकडे असं बघितलं की टाळ्या वाजवा. मग नालीकडे गेला, टेबलावर चढला, टेप सोडली. ती ओढून घेतली, पुन्हा सोडली.

“किती?” मी खालून विचारलं.

“टेप जुनी हाय.”

“किती?”

“नवी आणतो.”

नवी आली. ती जुनीशी अगदी सहमत होती. अकराला बोटभर कमी.

“तूच म्हनलं होतं, लेव्हलमध्ये पाह्यजे म्हनून,” मित्र टेबलावरूनच म्हणाला.

“मी म्हणालो म्हणून तू नळी लावशील?”

“मंग कायले म्हनलं? सर तू हाय का मी हाय बे?”

तेवढ्यात त्याची मुलगी चेंडू काखेत धरून टेबलापाशी आली. वर रिंगेकडे बघितलं, खाली फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“म्हंजे मी इतके वर्सं अकरा फुटांवर मारून राह्यली?”

मित्र टेबलावरून उतरून टेप गुंडाळायला लागला.

“अन् तुम्ही मले बदाम खायले लावले.”

सामना झालाच नाही. उमरखेडचा क्लब आदल्या वर्षी अंतिम सामन्यात हरला होता. त्यांचं म्हणणं पडलं की दुसऱ्या अर्ध्यात, आम्ही थकलेले असताना, आम्हाला उंच रिंग दिली, म्हणून मागचा करंडक परत करा. दारव्ह्याचा संघ त्याच्याही मागच्या वर्षीचा मागायला लागला. मी माइकवरून सांगायचा प्रयत्न केला की दोन्ही संघांना दोन्ही रिंगा मिळाल्यामुळे अन्याय समसमान झाला आहे. समसमान अन्याय हा शब्द लोकांना आवडला नाही. खुर्च्या उडाल्या. शेठजी गेटपाशी उभं राहून हे सगळं बघत होते. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि अगदी नरमाईने म्हणाले, “सर, तुम्ही वाईट नका वाटून घेऊ. पन मिरच्याच बऱ्या होत्या.” आमच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा समारोप तो एवढाच. त्यापुढे ती कोणी भरवली नाही आणि भरवा असं कोणी म्हणालंही नाही.

चाचणीला आठवडा उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र गॅस कटर घेऊन आला, स्वतःचं ते न तुटणारं वेल्डिंग स्वतःच कापलं, त्याला फार वेळ लागला आणि तेवढ्या वेळात तीनदा मला म्हणाला, “पाह्य, कसं पक्कं मारलतं.” रिंग दहावर आणली. मुलीने आपल्या नेहमीच्या जागेवरून चेंडू टाकला. वरून पलीकडे. पुन्हा. वरून पलीकडे. यवतमाळला जे व्हायचं तेच आता घरच्या मैदानावर. हात अकराला बसला होता. तो आठवड्यात दहावर आणायचा कसा?

ती फरशीवर बसली, चेंडू मांडीत घेऊन. मित्राचा चेहरा मला बघवेना. मला काहीतरी करायलाच हवं होतं, आणि मला असं वाटलं म्हणजे मी काय करतो, ते गावाला पाठ आहे. मी विचार केला आणि मला उपाय सुचला.

“खड्डा करू,” मी म्हणालो. “फूटभर खोल. हिने त्यात उभं राहून सराव करायचा.”

मित्राने कटर बंद केला. “कायले?”

“म्हणजे हिची उंची कमी होईल. मग हिला...”

“मंग तिले रिंग अकरा फुटावरच दिसन ना बे. पुन्हा तेच झालं.”

मी मनात गणित करून बघितलं. त्याचं बरोबर होतं. मी म्हणालो, “मग खड्ड्याऐवजी पाट ठेवू.”

“सर,” मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, “तुम्ही जरा तिकडं गेटजवळ बसता का?”

मी गेटजवळ जाऊन बसलो. वॉचमनने मला स्टूल दिला. तिथून मला दिसत होतं की ती उठली, एक पाऊल मागे सरकली, टाकला. रिंगेच्या मागच्या कडेला लागून बाहेर. आणखी पाऊल मागे. टाकला. गेला. तिथूनच पुन्हा टाकला. गेला. मग बापाने चेंडू आणून द्यायचा आणि तिने टाकायचा, असं ऊन चढेपर्यंत चाललं. मला कोणी बोलावलं नाही, मी आपला वॉचमनशी पावसापाण्याच्या गोष्टी करत बसलो.

पाणी प्यायला आली तेव्हा मी विचारलं, “काय जमवलंस?”

“हात काही आता बदलत नाई, सर. मीच मागं सरकते.”

“आणि जवळून?”

“जवळून मारतच नाई. दुसरीले देते.”

“आणि फ्री थ्रो? त्याची रेघ ठरलेली असते. तिथून मागे नाही सरकता येत.”

तिने उरलेलं पाणी तोंडावर मारलं. “थे अल्लाच्या हवाली.”

अमरावतीला मित्राने एका गिऱ्हाइकाची जीप काढली. गिऱ्हाइकाला सांगितलं, लांबची ट्रायल घेतल्याशिवाय इंजिन कळत नाही. मी सोबत निघालो. कोणी चल म्हणालं नव्हतं, पण सकाळी मी इस्त्रीचे कपडे घालून चौकात उभा होतो, आणि त्यांना त्याच रस्त्याने जायचं होतं. मागच्या सीटवर स्टेपनीशेजारी बसलो. वाटेत मी दोन-तीनदा मार्गदर्शन सुरू केलं, तर मित्राने प्रत्येक वेळी हॉर्न वाजवला. रस्ता रिकामा होता.

मैदानावर मुलीच मुली. कितीतरी जणी आमच्या पोरीहून उंच, पायात भारी बूट, शेजारी आपापले कोच, गळ्यात शिट्टी. माझ्याकडेही शिट्टी होती, मी ती खिशातून काढून गळ्यात घातली. निवड करायला दोघं होते. एक बाई, केसांचा बॉयकट, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाची मुलगी शेंडीपासून सरळ व्हायची. आणि एक बाबा, जे फक्त लिहीत होते.

आधी फ्री थ्रो. पोरीने पहिला टाकला, वरून पलीकडे. दुसरा, वरून पलीकडे. सगळेच गेले पलीकडे. लिहिणाऱ्या बाबांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं, ते फार लिहिण्यासारखं नसावं, कारण लगेच संपलं. मित्र कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभा होता. मी म्हणालो, “काळजी नको.” तो म्हणाला, “तू बोलू नको.”

मग संघ पाडून खेळवलं. पहिला बराच वेळ हिला चेंडूच मिळेना. मिळाला तेव्हा ती रिंगेखाली मोकळी होती, कोणीही टाकला असता. हिने दुसरीला दिला. बाईंनी भुवया चढवल्या. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी चेंडू हिच्याकडे आला तेव्हा ही तीन गुणांच्या रेघेच्या चांगलीच मागे होती आणि समोर एक ताडमाड मुलगी हात पसरून उभी. हिने टाकला. चेंडू त्या मुलीच्या बोटांच्या कितीतरी वरून गेला, चढत चढत गेला, वाटलं आता परत येत नाही, आणि मग वरून सरळ रिंगेत उतरला, जाळीलाही फारसा न शिवता. बाईंनी शिट्टी खाली केली. थोड्या वेळाने पुन्हा. तीच जागा, तोच चेंडू, तसाच गेला. मग तर बाकीच्या मुली तिला रेघेच्या मागे शोधून चेंडू द्यायला लागल्या. एखाददुसरा चुकला, पण लिहिणारे बाबा आता लिहायचं विसरून बघत होते.

खेळ थांबल्यावर बाईंनी तिला बोलावलं. मी आणि मित्र जाळीच्या अलीकडे, ऐकू येईल इतक्या अंतरावर.

“रेघेवरून एक जात नाही, रिंगेखालून मारत नाहीस, आणि तिकडे रस्त्यावरून सगळे घालतेस,” बाई म्हणाल्या. “हा काय प्रकार आहे?”

“सवय झाली, मॅडम.”

“फ्री थ्रो शिकावा लागेल. अगदी पहिल्यापासून.”

“शिकते ना, मॅडम.”

बाईंनी बाबांकडे बघितलं, बाबांनी बाईंकडे. दुपारी नावं वाचली. बाराही नावं वाचून झाली, तिचं नव्हतं. मित्राने जाळीतून बोटं काढून घेतली. मग बाबांनी चष्मा वर सरकवून राखीव खेळाडू वाचले, आणि त्यात दुसरं नाव तिचं. राखीव झाली तरी संघातच, वसतिगृहात जागा तीच. खिशातून रुमाल काढून मित्राने हातावरचं नसलेलं ग्रीस पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिला.

मला मात्र उत्साह आला. मी जाळीच्या फाटकातून आत गेलो, शर्ट खोचला, शिट्टी सरळ केली. बाई मुलीला कागदपत्रांचं सांगत होत्या. माझ्याकडे बघून थांबल्या.

“असा उंच चेंडू टाकायला या वयात कोणी शिकवत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही हिचे कोच का?”

वाक्य माझं तयारच होतं. मी घसा साफ करून म्हणालो, “त्याचं काय आहे मॅडम, आम्ही जाणूनबुजून सुरुवातीपासूनच...”

“हे कोच नाई, मॅडम,” मुलगी म्हणाली. “गाडीत जागा होती, म्हनून आलते.”